काशीफळातला दिवा

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती आणि त्याच संध्याकाळी अमेरिकेत हॅलोविन. मी तेव्हा न्यू जर्सीत मुलाकडे होतो. पहाटे नातवंडांना उटणे लावून आंघोळ घातली, आणि संध्याकाळी तीच दोघे भूत आणि चेटकीण होऊन समोर उभी!

"आबा, भोपळा तुम्ही कापा," सूनबाई म्हणाली. अख्ख्या काशीफळाला पहिला सुरा पुरुषाने लावायचा, ही आपली रीत तिने तिकडेही पाळली होती. मी कापले, पण मनातून नाराजच होतो. सणासुदीला दारात भुते कशाला?

मास्तरकीची सवय, म्हणून थोडे वाचले. मूळ आयर्लंडकडच्या केल्टिक लोकांच्या सुगीनंतरच्या सणात. त्या रात्री मेलेली माणसे परत येतात अशी समजूत. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला, त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. तिकडे सलगम कोरून दिवे करीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसे पोटासाठी अमेरिकेत आली, तिथे त्यांना भोपळा मिळाला. म्हणजे हा सणही घर सोडून गेलेल्यांनीच सोबत नेलेला. आणि पितर घरी येतात, हे आपल्याला का नवीन आहे? गोव्यात तर पोरे नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे करतात आणि याच पहाटे जाळतात. भीतीचे सोंग करून तिला हसायचे, एवढेच ते.

अंधार पडल्यावर मुलांबरोबर निघालो. तिथला संकेत असा, की ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू, तिथे जायचे. दार उघडे, अनोळखी म्हातारी हसून गोळ्या देई. एरवी त्या गल्लीत महिनाभरात मला कोणी शेजारी दिसला नव्हता!

मला एकदम अंबड तालुक्यातले माझे गाव आठवले. दिवाळीत आम्ही पोरे लव्हाळ्याची दिवटी घेऊन घरोघरी गाई-म्हशी ओवाळायला जायचो. कोणी दिवटीत तेल घाली, कोणी पैसा देई. होळीला गोवऱ्या मागायचो, नाही दिल्या तर रात्री पळवायचो. गोड द्या, नाहीतर खोडी काढू, हे हॅलोविनचे बोल आम्हाला शिकवायची गरजच नव्हती.

पण त्याच वर्षी होळीला जालन्यात आमच्या कॉलनीतली पोरे वर्गणी मागायला आली, तेव्हा "अभ्यास करा जा" म्हणून त्यांना गेटवरूनच परत पाठवणारा मीच होतो. हे न्यू जर्सीच्या त्या गल्लीत आठवले आणि लाज वाटली.

म्हणून माझे मत सांगतो. परदेशातल्या आपल्या मुलांनी हॅलोविन खुशाल करावा. बाजारातले महागडे पोशाख आणि पोतेभर गोळ्या मलाही पटत नाहीत, जुन्या ओढणीचे भूत चांगले होते. पण संस्कृती बुडते ती परक्या भोपळ्याने नव्हे. पोर दारात आले आणि दार उघडले नाही, की ती बुडते. त्या रात्री मुलाच्या ओट्यावर पणत्या आणि काशीफळातला दिवा शेजारी शेजारी जळत होते. एकाने दुसऱ्याचा उजेड कमी केला नाही.

परत आल्यावर २०२५ च्या होळीला मी गेट उघडे ठेवून, गोवऱ्या आणि सुटे पैसे घेऊन बसलो. कोणी आले नाही. एकदा परत पाठवलेली पोरे पुन्हा कशाला येतील? शेवटी पाटी डोक्यावर घेऊन मीच कोपऱ्यावरच्या होळीकडे गेलो.

"सर, तुम्ही?" एक पोरगा म्हणाला. मी गोवऱ्या खाली ठेवल्या आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी मागायला या. नाहीतर चोरून न्या."