टाचेमागचं जुनं दुखणं : विश्रांती पुरेशी नाही

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-बारा पावलं लंगडत टाकायची. मग पाय मोकळा होतो आणि दुपारपर्यंत दुखण्याची आठवणही राहत नाही. संध्याकाळी फिरून आलं की टाचेमागे पुन्हा ठणका.

हे वर्णन माझ्या रुग्णाचं नाही, माझं आहे. पन्नाशी ओलांडल्यावर मी दर रविवारी सिंहगड चढायचा नेम धरला आणि दोन महिन्यांत उजव्या टाचेमागची शीर दुखायला लागली. डॉक्टर असूनही मी सगळे करतात तेच केलं. पंधरा दिवस गड बंद ठेवला, बर्फ लावला, चार गोळ्या घेतल्या, मऊ चप्पल आणली. बरं वाटलं की पुन्हा गड, आणि पुन्हा दुखणं. यात आठ महिने गेले.

म्हणून आज माझं मत स्पष्टपणे मांडतो. टाचेमागचं दुखणं तीन महिन्यांहून जुनं झालं असेल, तर नुसत्या विश्रांतीने ते बरं होईल या भरवशावर राहू नका. त्या शिरेला बेताबेताने काम द्यावं लागतं.

नेमकं काय बिघडतं?

आपण जिला शीर म्हणतो ती रक्तवाहिनी नव्हे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा तो जाड दोर आहे, अकिलीस टेंडन. शरीरातला हा सर्वांत मजबूत टेंडन. धावताना आपल्या वजनाच्या कित्येक पट ताण तो सोसतो. मात्र त्याला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे झीज भरून यायला वेळ लागतो. (टाचेखाली, तळव्याला दुखत असेल तर तो आजार वेगळा.)

जुन्या दुखण्यात टेंडनमधले तंतू विस्कटलेले असतात. तिथे नेहमीसारखी सूज फारशी नसते. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी ठणका चार दिवस दबतो, पण तंतू दुरुस्त होत नाहीत. पूर्ण विश्रांतीने तर टेंडन आणि पोटरी दोन्ही आणखी कमकुवत होतात. प्लास्टर काढल्यावर पाय किती बारीक झालेला असतो, ते अनेकांनी पाहिलं असेल.

मग उपाय काय?

स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ हॉकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली एक साधा व्यायाम १५ हौशी धावपटूंना १२ आठवडे करायला लावला. ते सगळे पुन्हा धावू लागले. अभ्यास लहान होता आणि नंतरच्या अभ्यासांत प्रत्येकाला इतका गुण आला नाही, हेही सांगायला हवं. तरीही टेंडनवर हळूहळू भार वाढवणं हाच आजही पहिला उपचार मानला जातो.

व्यायाम असा : कठडा धरून पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा. दोन्ही पायांनी टाचा वर उचला. आता सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्या आणि टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली न्या. वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्या. असं १५ वेळा, ३ फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि ३ फेऱ्या किंचित वाकवून. हे दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा. सुरुवातीला इतकं जमत नसेल तर कमी करा, पण नेम मोडू नका. पुढे सोपं वाटू लागलं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवा.

दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल, तर टाच पातळीखाली नेऊ नका. सपाट जमिनीवरच करा.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. दहापैकी पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं, तर चालेल. सकाळचा ताठरपणा रोज वाढत असेल, तर प्रमाण कमी करा.

चूक कोणाची?

थोडी आमची. गोळ्या लिहायला एक मिनिट लागतं, रुग्णाला पायरीवर उभं करून शिकवायला पंधरा. बाहेर वीस जण बसलेले असताना आम्ही सोपा मार्ग धरतो. थोडी तुमचीही. "डॉक्टर, एखादं इंजेक्शन देऊन टाका ना," असं महिन्यातून एकदा तरी कोणी म्हणतंच. या टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला मी नकार देतो. त्याने काही आठवडे बरं वाटेल, पण टेंडन तुटण्याचा धोका असतो. मशिनचा शेक घ्यायचा तर घ्या, पण व्यायामाऐवजी नको.

हे मात्र विसरू नका

टाचेमागे अचानक फट् असा आवाज झाला, मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर टेंडन तुटला असू शकतो. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी टेंडन दुखावतो, क्वचित तुटतोही. साठीपुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत हा धोका जास्त. घरात उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नका. ही औषधं चालू असताना टाचेमागे दुखू लागलं, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

मधुमेहातही टेंडन लवकर बिघडतो. दोन्ही टेंडन जाड, गाठाळ लागत असतील तर कोलेस्टेरॉल तपासा. काही घराण्यांत ते जन्मतःच खूप जास्त असतं आणि कधी कधी त्याची पहिली खूण इथेच दिसते.

माझं पुढे काय झालं? पहिले पाच आठवडे काहीच फरक नव्हता. दोनदा सोडून द्यावंसं वाटलं. सातव्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचल्यावर लक्षात आलं, की आज आपण लंगडलो नाही. गडावर मात्र पाचव्या महिन्यात गेलो, आणि पहिल्या दिवशी अर्ध्यातूनच परतलो.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच्या तारखेवर खूण करा आणि तिथून १२ आठवडे मोजा. त्याआधी गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलू नका, आणि गुण आला म्हणून व्यायाम सोडू नका.