‘शिका’ पुसले गेले, ‘सजवा’ तेवढे उरले

घर कसे सजवावे, पाहुण्यांना काय खिलवावे, सुटीत कुठे जावे हे चोवीस तास सांगणारी टीएलसी नावाची एक सशुल्क वाहिनी आहे. ही तीन अक्षरे आली कुठून, हे मात्र बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नसते. ‘द लर्निंग चॅनेल’ या नावाचे ते लघुरूप. म्हणजे शिकण्याची वाहिनी! नावात शिक्षण आणि पडद्यावर सोफासेट, ही गंमत वरवरची नाही. सरकारी पैशातून गरिबांच्या शिक्षणासाठी उभे राहिलेले साधन बाजाराच्या हाती गेल्यावर त्याचे काय होते, याचा हा धडा आहे. चळवळीतील माणसाने तो नीट वाचला पाहिजे.

हा इतिहास अमेरिकेतील अ‍ॅपलॅचिया या डोंगराळ प्रदेशात सुरू होतो. कोळशाच्या खाणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य हीच त्या भागाची ओळख. शाळा दूर, शिक्षक अपुरे. १९७० च्या दशकात अमेरिकेचे आरोग्य, शिक्षण व कल्याण खाते आणि नासा ही अंतराळ संस्था यांनी ठरवले की, रस्ता जिथे पोहोचत नाही तिथे उपग्रहाने शिक्षण पोहोचवायचे. त्यातून तिथल्या शिक्षकांना दूरचित्रवाणीवरून प्रशिक्षण मिळू लागले. याच प्रयत्नातून पुढे ‘अ‍ॅपलॅचियन कम्युनिटी सर्व्हिस नेटवर्क’ आले.

यासाठी जो उपग्रह वापरला त्याचे नाव एटीएस-६. तो ३० मे १९७४ रोजी अवकाशात गेला. वर्षभर अमेरिकेची सेवा केल्यानंतर तोच उपग्रह पूर्वेकडे सरकवला गेला आणि १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत त्याने भारताची सेवा केली. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा हाच तो प्रयोग. सहा राज्यांतील २४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य अशा विषयांवरचे कार्यक्रम होत. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही मुद्दा महत्त्वाचा आहे. अ‍ॅपलॅचियाचा खाणकामगार आणि ओरिसा-बिहारचा शेतमजूर एकाच उपग्रहाखाली शिकत होते. टीव्ही हे गरिबाला शहाणे करण्याचे साधन आहे, असे त्या काळी दोन्ही देशांची सरकारे निदान बोलून तरी दाखवत होती.

पुढे काय झाले? १९८० मध्ये अमेरिकेतील त्या जाळ्याचे खासगीकरण झाले व त्याला ‘द लर्निंग चॅनेल’ हे नाव मिळाले. १९९१ मध्ये डिस्कव्हरी कंपनीने ते विकत घेतले. काही वर्षांतच पूर्ण नाव मागे पडून नुसते ‘टीएलसी’ उरले. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या खोल्या सजवायच्या, असा एक कार्यक्रम २००० मध्ये आला आणि तुफान चालला. मग लग्ने, पोशाख, केक, नवे घर यांची रांगच लागली. शिकवणारा गेला, विकणारा आला. जाहिरातदाराला शिकलेला माणूस नको असतो, खरेदी करणारा माणूस हवा असतो. एकदा मालक बदलला की ‘विद्यार्थी’ या शब्दाचा अर्थ ‘ग्राहक’ व्हायला वेळ लागत नाही.

हीच वाहिनी भारतात आली ती २००४ मध्ये, ‘डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंग’ या नावाने. २०१० मध्ये तिने टीएलसी हे नाव घेतले. म्हणजे आपल्याकडे ती आली तीच मुळी पाटी पुसून. ‘लर्निंग’शी आपली भेटच झाली नाही. तिच्या पाठोपाठ देशी भावंडेही आली. २००७ मध्ये ‘एनडीटीव्ही गुड टाइम्स’ निघाली, तीही किंगफिशर या मद्याच्या नाममुद्रेशी हातमिळवणी करून! मुंबईच्या झी समूहाने २०१० मध्ये ‘झी खाना खजाना’ काढली. तीच २०१५ मध्ये ‘लिव्हिंग फूड्झ’ आणि २०२० मध्ये ‘झी झेस्ट’ झाली. २०११ मध्ये संजीव कपूर यांची ‘फूड फूड’ आली. नावे बदलत गेली, पण प्रेक्षक कोण मानायचा हे बदलले नाही. ज्याच्याकडे स्वतंत्र स्वयंपाकघर आहे, सजवायला भिंत आहे, सुटी आहे आणि सुटीत उधळायला पैसा आहे, तोच.

आता आपल्या पंचवटीकडे पाहू. केंद्र सरकारने केबलच्या डिजिटलीकरणाचा दुसरा टप्पा ३८ शहरांत राबवला. त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती आणि त्या यादीत नाशिकही होते. फुलेनगर असो की वाघाडी, ज्याला केबल हवी त्याला सेट टॉप बॉक्स घेणे भाग पडले. बाजार समितीत ओझी वाहणारा हमाल, धुणीभांडी करणारी भगिनी, कंत्राटी सफाई कामगार, सगळे एका फटक्यात ‘सशुल्क प्रेक्षक’ झाले. पुढे १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरव्यवस्था आली. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि वर कर, सशुल्क वाहिनीचे पैसे वेगळे. आपल्याला हवी तीच वाहिनी निवडा, असे त्यावेळी सांगण्यात आले. पण वाहिन्या गठ्ठ्याने विकल्या जातात. एका मालिकेसाठी गठ्ठा घ्यावा, तर त्यात कधी न पाहिलेल्या चार वाहिन्या येतात. हमालाच्या घामाचा रुपया इटालियन स्वयंपाकघराच्या फरशीपर्यंत जातो तो असा.

ज्या देशात हे सगळे चालले त्या देशातील घरे कशी होती? २०११ ची जनगणना पाहा. देशातील ४७.२ टक्के कुटुंबांकडे टीव्ही होता आणि घराच्या आवारात शौचालय ४६.९ टक्के कुटुंबांकडे. म्हणजे टीव्ही शौचालयाच्या पुढे! ३७.१ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत अंथरूण, तिथेच पोराचा अभ्यास आणि तिथेच टीव्ही. त्या टीव्हीवर ‘दिवाणखान्याचा रंग बदला’ हा सल्ला! वस्तीतल्या माणसाला यात स्वतःचे घर कधी दिसत नाही. नाशिक म्हटले की अशा वाहिन्यांना द्राक्षमळे, वाइनरी आणि रामकुंडाचा घाट आठवतो. फुलेनगरची गल्ली आठवत नाही.

जेवणाचेही तेच. ‘भारतीय पदार्थ’ म्हणून जे दाखवले जाते त्यात कोणाची चूल असते? पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये दलितांच्या अन्नाचा इतिहास आणि आठवणी नोंदवल्या. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक आले. योगायोग असा की, ‘लिव्हिंग फूड्झ’ही त्याच वर्षीची. एकीकडे झगमगते स्वयंपाकघर आणि दुसरीकडे जातीने ज्या ताटाला ताटच मानले नाही त्याची नोंद. ती नोंद करायला विद्यापीठातले एक केंद्र आणि एक लेखक लागला, वाहिनीला ते सुचले नाही.

कोणी म्हणेल, ही तर करमणूक आहे, नको असेल तर पाहू नका. कोणी असेही म्हणेल की, दलितांनी चांगले घर, चांगले कपडे यांची हौस करूच नये काय? हा दुसरा प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर बाबासाहेबांनी आधीच देऊन ठेवले आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी माताभगिनींना राहणीमानाचेच धडे दिले. लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे दागिने का टाकावेत, स्वच्छ कसे राहावे, मेलेल्या जनावराचे मांस घरात का शिजू देऊ नये, हे त्यांनी समजावले. राहणी ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हती. अंगावरची गुलामीची खूण पुसून टाकणे हा मुक्तीचाच भाग होता. पण महाडचा धडा माणसाला स्वाभिमान देत होता आणि वाहिनीचा धडा माणसाला न्यूनगंड देतो. तिथे सांगितले गेले, तू कोणापेक्षा कमी नाहीस. इथे सांगितले जाते, तुझ्याकडे हे नाही म्हणून तू कमी आहेस. आणि स्वतः बाबासाहेबांनी घर बांधले ते कशासाठी? दादरचे ‘राजगृह’ उभे राहिले ते ग्रंथ ठेवायला जागा हवी म्हणून. घराची याहून मोठी सजावट कोणत्या वाहिनीने दाखवली आहे?

अमेरिकेत शिक्षणाची वाहिनी बाजाराने गिळली, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्रात काय झाले? पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ही सरकारी संस्था होती. निधीअभावी ती खंगत गेली आणि २०१७ मध्ये बंद करण्यात आली. अवघ्या तीन वर्षांनी, २०२० मध्ये, कोरोनाने शाळांना कुलूप लावले. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता पण टीव्ही होता, त्या घरातल्या मुलाला टीव्हीवरचा वर्ग हाच आधार होता. मग जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली. केंद्रानेही इयत्तावार शैक्षणिक वाहिन्यांची घोषणा केली. काम चांगलेच झाले. पण ज्या राज्याकडे तेहतीस वर्षांचा अनुभव असलेली संस्था होती, त्याने ती मोडून तीन वर्षांत पुन्हा तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. त्या काळात केक सजवण्याची वाहिनी मात्र बॉक्समध्ये शाबूत होती. तिला निधीची अडचण आली नाही, कारण तो निधी आपणच दरमहा भरत होतो.

येथे एक कायद्याचा मुद्दा सांगितला पाहिजे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निर्णय दिला की, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या कोणा कंपनीच्या नाहीत आणि सरकारच्या मक्तेदारीच्याही नाहीत. हे ऐकले की चवदार तळे आठवते. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. ते कागदावर. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. सार्वजनिक वस्तू कागदावर सर्वांची असते, पण ती मिळते ती मागणाऱ्यालाच. आपल्या पंचवटीने हे फार चांगले ओळखले होते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही उभे राहिले, ते देवाच्या ओढीने नव्हे. माणूस म्हणून आपला हक्क आहे, हे सांगण्यासाठी ते उभे राहिले. त्या गावच्या लेकरांनी लहरींवरचा हक्क सोडून द्यावा काय?

हा हक्क मागायला आज एक आधारही आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये उपग्रह वाहिन्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात दररोज ३० मिनिटे सार्वजनिक हिताचा आशय दाखवण्याचे बंधन घातले. विषय कोणते? शिक्षण व साक्षरता, शेती व ग्रामविकास, आरोग्य, महिलांचे कल्याण आणि चक्क ‘समाजातील दुर्बल घटकांचे कल्याण’. क्रीडा, वन्यजीव आणि परदेशी वाहिन्यांना सूट देण्यात आली. हा आशय इतर कार्यक्रमांत मिसळून दाखवण्याची मुभाही देण्यात आली. म्हणजे पळवाटा आहेतच. पण नियम हा नियम असतो. दुर्बल घटकांसाठी कोणत्या वाहिनीने कधी, काय दाखवले, हे विचारणारे कोणी नसेल तर तो नियमही बोले ठरावासारखाच कागदावर पडून राहील.

म्हणून काही साध्या गोष्टी करता येतील. प्रत्येक घराने केबलवाल्याकडून आपल्या गठ्ठ्यातील वाहिन्यांची यादी मागावी, न पाहिल्या जाणाऱ्या काढायला लावाव्यात आणि वाचलेल्या पैशात महिन्याला एक पुस्तक घ्यावे. बुद्धविहारांत आणि महिला मंडळांत शैक्षणिक वाहिन्यांच्या वेळा फळ्यावर लिहाव्यात. दहावी-बारावीच्या मुलांना त्या वेळी घरचा टीव्ही मोकळा करून द्यावा. वकील आणि शिकलेल्या तरुणांनी ३० मिनिटांच्या बंधनाचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागावा. ज्यांची मुले शिकून कॅमेरा चालवायला लागली आहेत त्यांनी आपल्या आजीची चूल, आपल्या वस्तीचे घर, आपल्या माणसाची कष्टाची राहणी स्वतः चित्रित करावी. दुसरा कोणी ते करायला येणार नाही.

मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच नाशिकमध्ये आहे. दिवसभर राबून रात्री अभ्यास करणाऱ्या कित्येक माणसांनी त्याच्या आधाराने पदवी घेतली आहे. दूरशिक्षणाचे महत्त्व या शहराला बाहेरून कोणी शिकवण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या त्या डोंगरी माणसांच्या हातून त्यांची शिक्षणाची वाहिनी निसटली, कारण तिचा लिलाव झाला तेव्हा ते संघटित नव्हते. ‘शिका’ या शब्दाच्या जोडीला बाबासाहेबांनी ‘संघटित व्हा’ आणि ‘संघर्ष करा’ हे दोन शब्द का ठेवले, त्याचे उत्तर यात आहे. एकट्या पडलेल्या ‘शिका’चे बाजार काय करतो, ते टीएलसीने दाखवून दिले आहे.