मुलांना कैवारी हवा

डोंगरीच्या ‘रिमांड होम’चे नाव काढून गिरगाव, परळ, लालबाग भागात खोडकर मुलांना धाक घातला जात असे. उमरखाडीच्या ज्या जुन्या तुरुंगात १८८२ साली टिळक व आगरकर यांनी १०१ दिवस काढले, तेथेच पुढे मुलांचे हे गृह उभे राहिले. मात्र बालगृहांत येणारी बहुतेक मुले गुन्हेगार नसतात. कोणी अनाथ असते, कोणी घरातून पळालेले, कोणी आईवडिलांना पोसणे अशक्य झालेले.

२०१५ च्या बालन्याय कायद्याने अशा मुलांसाठी बरीच तरतूद केली आहे. सापडलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीसमोर आणावे लागते. अध्यक्ष व चार सदस्यांच्या या समितीने महिन्यातून किमान दोनदा बालगृहांची पाहणी करावी, असाही नियम आहे. तरीही एक प्रश्न उरतोच: मुलाने मन मोकळे करावे कोणाजवळ? अधीक्षक संस्थेचे, परिविक्षा अधिकारी सरकारचे आणि समिती निर्णय देणारी. केवळ त्या मुलाचे असे कोणीच नसते.

या उणिवेची किंमत मुंबईने मोजली आहे. कुलाबा व मुरूड येथील ‘अँकरेज’ या आश्रयगृहांतील मुलांवरील लैंगिक अत्याचार २००१ साली उजेडात आले. दोन ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ साली दोषी ठरविले. उच्च न्यायालयाने २००८ साली त्यांना सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये त्यांची शिक्षा पुन्हा कायम केली. आश्रयगृह चालविणारा परोपकारी म्हणून ओळखला जात असल्यावर मुलाच्या शब्दाला कोण विचारतो? संस्थेशी हितसंबंध नसलेल्या चाईल्डलाईनने व एका महिला वकिलांनी मुलांचे म्हणणे ऐकून घेतले, म्हणूनच न्यायाची वाट खुली झाली.

पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत पीडित मुलाला साहाय्यक व्यक्ती देण्याची तरतूद आहे. पण ती व्यक्ती येते अत्याचार घडून गेल्यावर. इंग्लंडमध्ये १९८९ च्या बालक कायद्याने, ज्यांचा घरच्यांशी संबंध जवळजवळ तुटला आहे अशा मुलांसाठी स्वतंत्र भेट देणारा स्नेही नेमण्याची सोय केली. तो मुलाला भेटतो, सल्ला देतो, मैत्री जपतो. आपल्याकडेही अशी व्यवस्था प्रत्येक बालगृहात असावी, असे आम्हांला वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला ‘कैवारी’ म्हटले आहे. कैवारी म्हणजे आपली बाजू घेऊन जवळ उभा राहणारा. नाताळात केक आणि कपडे घेऊन बालगृहात जाणारे आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ आहेत. जानेवारीत पुन्हा जाणारे किती? आज येणारा आणि उद्या न दिसणारा पाहुणा मुलाच्या मनातील सोडून दिल्याची जखम अधिकच खोल करतो. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने दोन-तीन प्रौढ, विश्वासू प्रापंचिक निवडावेत. त्यांनी समितीची परवानगी व पोलीस पडताळणी पूर्ण करावी, ठरल्या दिवशी जावे, मुलाचे छायाचित्र काढू नये, गुपित ठेवण्याचे वचन देऊ नये आणि तक्रार ऐकली तर ती समितीपर्यंत पोहोचवावी. अठरा वर्षे पूर्ण होताच मूल संस्थेबाहेर पडते. अनुरक्षणाची मदत कायद्यात आहे. पण बँकेचा अर्ज भरताना, भाड्याची खोली शोधताना सोबत उभे राहणारे माणूस कायदा देऊ शकत नाही.

याची सुरुवात ख्रिस्तसभेने चालविलेल्या गृहांपासून व्हावी. तेथे आमचे धर्मगुरू व धर्मभगिनी जीव ओतून सेवा करतात, याविषयी शंका नाही. परंतु सेवाभाव हा देखरेखीला पर्याय होऊ शकत नाही, हे जगभरच्या ख्रिस्तसभेने फार मोठ्या दुःखातून शिकले आहे. आपली दारे बाहेरच्या स्नेह्यांसाठी आपणहून उघडणे, यातच त्या सेवेची खरी प्रतिष्ठा आहे. अनाथांचा समाचार घेणे ही निर्मळ धर्माची खूण, असे याकोबाचे पत्र सांगते. तो समाचार नेमाने घेतला जावा, एवढीच आमची विनंती.