पहिल्या तीन दिवसांची जबाबदारी घ्या

प्रति,
परदेशी उन्हाळी अभ्यासक्रमांना विद्यार्थी पाठवणाऱ्या महाविद्यालयांचे प्राचार्य, विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कक्षांचे प्रमुख आणि हे दौरे ठरवून देणाऱ्या संस्थांचे संचालक यांस,



मी पुण्यात जर्मन शिकवते. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये माझे काही विद्यार्थी तीन-चार आठवड्यांसाठी जर्मनीला शिकायला जातात. त्यासाठी तुम्ही तिकडच्या विद्यापीठांशी बोलणी करता, व्हिसाची कागदपत्रं तपासून देता, पालकांच्या शंका ऐकून घेता, याची मला जाणीव आहे. सातारा, बीड, धुळ्याकडची मुलं घरातला पहिला पासपोर्ट काढतात आणि हायडेलबर्गसारख्या १३८६ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात जाऊन बसतात, ही मोठी गोष्ट आहे.

पण तुमची तयारी मुंबईच्या विमानतळावर संपते आणि तिकडच्या विद्यापीठाची व्यवस्था वर्ग भरल्यावर सुरू होते. मधल्या दोन-तीन दिवसांना कुणी वाली नसतो. त्या दिवसांबद्दल हे पत्र आहे.

माझी एक विद्यार्थिनी शनिवारी फ्रँकफर्टला उतरली. विमानतळावर लांब पल्ल्याच्या आणि जवळच्या गाड्यांची स्थानकं वेगवेगळी आहेत. योग्य फलाट सापडेपर्यंत तिची दमछाक झाली. गाडीला उशीर झाला आणि पुढची गाडी हुकली. मुक्कामी पोहोचायला वीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर ठरावीक गाडीचं तिकीट असलेल्या प्रवाशालाही दुसऱ्या गाडीने जाता येतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने महागडं नवं तिकीट काढलं.

रात्री दहाच्या पुढे ती इमारतीपाशी पोहोचली. जर्मनीत बहुतेक ठिकाणी दारावरच्या बेलपाशी फ्लॅटचा नंबर नसतो, राहणाऱ्यांची आडनावं असतात. तिच्या कागदावर रस्ता होता, घर क्रमांक होता. घरमालकिणीचं आडनाव नव्हतं. रोमिंग सुरू झालं नव्हतं. तुमच्यापैकी एका कार्यालयाचा नंबर तिच्याकडे होता, पण तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून दीड-दोन वाजले होते आणि तो नंबर कार्यालयीन वेळेपुरताच होता. एक शेजारी कुत्र्याला फिरवून परत आला, त्याने विचारपूस केली, म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारच्या सुट्टीला १९१९ च्या वायमार राज्यघटनेपासून घटनेचं संरक्षण आहे आणि १९४९ च्या घटनेनेही ते कायम ठेवलं. मोठी स्टेशनं, पेट्रोलपंप, काही बेकऱ्या सोडल्या तर दुकानं बंद असतात. आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांवर तिने दिवस काढला. तिथे नळाचं पाणी सर्रास पितात हे ठाऊक नसल्याने बाटलीतलं पाणी ती घोट घोट पुरवत राहिली. संध्याकाळी घरून फोन आला, ‘जेवलीस का?’ तिने सांगितलं, ‘हो, सगळं मस्त आहे.’

हे उत्तर तुम्ही नीट ऐकावं अशी माझी विनंती आहे. वडिलांनी ठेव मोडून पैसे भरलेले असतात, नातेवाईक स्टेशनवर पोचवायला आलेले असतात, गावात बातमी झालेली असते. अशा मुलीला पहिल्या दोन दिवसांत रडू आलं, तरी ती घरी सांगत नाही. ‘काही अडचण असेल तर पालक कळवतील’ ही तुमची भिस्त म्हणूनच चुकीची आहे. पालकांना कळलेलंच नसतं. विचारण्याचं काम तुम्हालाच करावं लागेल.

त्यासाठी फार खर्च येत नाही. विद्यार्थी कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी पोहोचेल असंच तिकीट काढा. शनिवारचं तिकीट दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतं म्हणून ते घेऊ नका. प्रत्येकाच्या हातात मराठीत लिहिलेला एक छापील कागद द्या आणि त्याची प्रत पालकांनाही द्या. त्यावर बेलवरचं आडनाव, किल्ली कुणाकडून आणि किती वाजेपर्यंत मिळेल, विमा कंपनीचा मदतीचा क्रमांक हे सगळं हवं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो सगळ्यांकडे असतो, पण ताप आला तर फोन कुठे करायचा हे मुलांना माहीत नसतं. रुग्णवाहिकेसाठी ११२, पोलिसांसाठी ११० आणि तातडीचं नसलं तरी दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७, हे तीन क्रमांक त्या कागदावर ठळक छापा. औषधांची दुकानं रविवारी आळीपाळीने उघडी असतात आणि त्या दिवशी कोणतं उघडं आहे याची माहिती बंद दुकानाच्या दारावर लावलेली असते, हेही लिहा.

आपल्या रात्री फोन उचलणारा एक माणूस नेमा. पोहोचल्याच्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करा, ‘कशी आहेस?’ एवढ्यावर न थांबता काय खाल्लं, झोप लागली का, किल्ली मिळाली का, असं विचारा. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मुलांशी नव्यांची गाठ घालून द्या. माझ्या वर्गात कुणीही न विचारलेल्या गोष्टी ती मुलं अर्ध्या तासात सांगतात.

आणखी एक. तिकडच्या सत्राचे नेहमीचे वर्ग जुलैत संपतात, म्हणून उन्हाळी अभ्यासक्रम त्यानंतर भरतात. आपल्याकडे तोवर नवं सत्र सुरू झालेलं असतं. परक्या गावात पहिली सकाळ उजाडते आणि मोबाइलवर निरोप येतो : हजेरी कमी पडते आहे. तुम्हीच पाठवलेल्या विद्यार्थ्याला तुमच्याच कार्यालयाने असा निरोप पाठवू नये. जाण्याआधीच गैरहजेरीची लेखी परवानगी द्या.

भाषा शिकायला मुलं चार आठवडे जातात. त्यातला पहिला आठवडा घाबरण्यात आणि लपवण्यात गेला, तर उरलेले दिवस ती आपल्याच मुलांच्या घोळक्यात काढतात. अनोळखी माणसाशी बोलायचा धीर होत नाही. मग पालकांनी भरलेल्या पैशांचं आणि तुमच्या मेहनतीचंही चीज होत नाही.

पुढच्या तुकडीचे अर्ज मागवताना माहितीपत्रकात शुल्क आणि वेळापत्रकासोबत एक ओळ छापा : पोहोचल्यापासून तीन दिवस कोण जबाबदार आहे, त्याचं नाव आणि चोवीस तास चालणारा फोन. ज्या पत्रकावर ती ओळ नसेल, त्यावर सही करण्याआधी ती लिहून मागा, असं मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांना सांगणार आहे.

आपली,
पुण्यातील एक जर्मन शिक्षिका