गाणे जगाचे, नाव कोणाचे?

२०२० च्या फेब्रुवारी महिन्यात अंगोला देशाची राजधानी लुआंडा येथे काही तरुण-तरुणींनी एका अंगणात छोटीशी चित्रफीत टिपली. हातात जेवणाच्या ताटल्या, तोंडात घास आणि पाय मात्र एकाच ठेक्यात पडत आहेत, असे ते दृश्य. ना रंगमंच, ना दिव्यांचा झगमगाट, ना खास वेशभूषा. 'फेनोमेनोस दो सेम्बा' या नृत्यपथकाची ही गंमत पुढील काही महिन्यांत पृथ्वीच्या पाठीवरील जवळजवळ प्रत्येक देशात पोहोचली. ज्या गाण्यावर ती मंडळी नाचत होती, त्याचे नाव 'जेरुसलेमा'.

गाणे दक्षिण आफ्रिकेचे. लिम्पोपो प्रांतातील संगीतकार मास्टर केजी यांनी ते रचले आणि क्वाझुलु-नाताल प्रांतातील गायिका नोम्सेबो झिकोडे यांनी झुलू भाषेत गायिले. २०१९ च्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले, तेव्हा ते आपल्या देशापुरतेच लोकप्रिय होते. मग लुआंडातील ताटल्या आल्या, पाठोपाठ महामारी आली आणि घराघरांत कोंडल्या गेलेल्या जगाला एकत्र नाचण्याचे एक निमित्त मिळाले. रुग्णालयांच्या आवारात मुखपट्ट्या लावलेल्या परिचारिका नाचल्या, मठांतील जोगिणी नाचल्या, अग्निशमन दलाचे जवान नाचले. २०२१ च्या प्रारंभी आयर्लंडचे पोलीसही नाचले. सप्टेंबर २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात, २४ सप्टेंबरच्या वारसादिनी नागरिकांनी या नृत्यात सहभागी व्हावे, असे आवाहन केले. राष्ट्रप्रमुखाने एखाद्या लोकप्रिय गाण्यावर नाचण्याचे जाहीर निमंत्रण द्यावे, असे प्रसंग इतिहासात फारसे सापडणार नाहीत.

आपल्या वर्तुळात 'रील' हा शब्द उच्चारला की कपाळावर आठ्या पडतात. त्या अगदीच निराधार आहेत, असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. अंगप्रदर्शन, सवंग शब्द आणि पसंतीच्या आकड्यांसाठी चाललेली केविलवाणी धडपड आपण सारे रोज पाहतो. परंतु 'जेरुसलेमा'ने त्या सरसकट निष्कर्षाला छेद दिला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. या नृत्यात जोडीदार लागत नाही. सर्वांनी एकाच दिशेला तोंड करून ओळीत उभे राहायचे, ठरावीक पावले टाकायची, वळायचे आणि पुन्हा तेच करायचे. सत्तर वर्षांच्या आजीबाईंना जमावे आणि सात वर्षांच्या नातवालाही जमावे, इतके ते सोपे. आपल्याकडील लेझीम पाहिलेल्या, शाखेवर एका तालात पाऊल टाकलेल्या माणसाला त्यातील आनंद समजावून सांगावा लागत नाही. गाण्याचा विषय तर चक्क भक्तीचा. या परक्या जागी न ठेवता ईश्वराने आपल्याला त्याच्या नगरीत न्यावे, अशी ती आळवणी आहे. आफ्रिकेत ख्रिस्ती मत कसे गेले आणि त्याबरोबर तेथील किती परंपरा पुसल्या गेल्या, हा स्वतंत्र विषय आहे आणि तो या पृष्ठांवर वेळोवेळी येत असतो. येथे एवढेच नमूद करावेसे वाटते की, नगरीचे नाव परके असले तरी आळवणी झुलू भाषेत झाली आणि ठेका लिम्पोपोचाच राहिला. इंग्रजीवाचून जगात कोणी विचारत नाही, असे आपल्या मुलांना ऐकवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या गाण्यावर नाचणाऱ्या जर्मन परिचारिकेला किंवा आयरिश पोलिसाला झुलू कोठे येत होती?

येथवरची कथा आनंदाची झाली. पुढील भाग मात्र वेगळ्या चवीचा आहे.

२०२१ च्या प्रारंभी जर्मनीतील काही संस्थांकडे एका बड्या बहुराष्ट्रीय संगीत कंपनीने परवाना शुल्काची मागणी केली. ज्यांनी आपली नृत्यफीत या गाण्यासह प्रसारित केली, त्यांनी चित्रासोबत गाणे वापरण्याची परवानगी घेतलेली नाही, म्हणून पैसे भरावेत, असे कंपनीचे म्हणणे. नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया या राज्याच्या गृहखात्याने आपल्या पोलिसांच्या चित्रफितीपोटी शुल्क भरलेदेखील. कायद्याच्या दृष्टीने कंपनी चुकली, असे म्हणता येणार नाही. स्वामित्वहक्क ही काही थट्टेची गोष्ट नव्हे, आणि संस्था स्वतःच्या प्रसिद्धीसाठी गाणे वापरतात, या युक्तिवादातही तथ्य आहे. तरीही एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. हे गाणे जगभर नेले कोणी? कंपनीच्या जाहिरात विभागाने, की लुआंडातील त्या ताटल्यांनी आणि स्वखुशीने नाचलेल्या लाखो अनामिकांनी? ज्यांच्या पावलांमुळे गाण्याला मोल आले, त्यांच्याचकडे त्या मोलाची पावती पाठविण्यात आली.

आणि हा पैसा जातो कोणाकडे? २०२१ च्या जुलै महिन्यात गायिका नोम्सेबो झिकोडे यांनीच जाहीर तक्रार केली की, ज्या गाण्याने जगाला वेड लावले, त्याचा मोबदला आपल्याला मिळालेला नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीची बाजू वेगळी होती. करारातील वाट्याविषयीच्या त्या वादात येथे निवाडा करण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये या गायिकेला दुसऱ्या एका गाण्यासाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण संपूर्ण जग आपल्या आवाजावर नाचत असताना गायिकेला 'माझे पैसे कोठे आहेत' असे चारचौघांत विचारावे लागावे, यातच सारे आले.

दक्षिण आफ्रिकेला हा अनुभव नवा नाही. सॉलोमन लिंडा हे नाव वाचकांच्या फारसे परिचयाचे नसेल. नातालच्या ग्रामीण भागातून जोहान्सबर्गला पोट भरण्यासाठी आलेला हा झुलू तरुण गॅलो नावाच्या ध्वनिमुद्रण कंपनीत श्रमाचे काम करीत असे. १९३९ मध्ये त्यांनी आपल्या साथीदारांसह 'म्बुबे' हे गाणे तेथेच मुद्रित केले. म्बुबे म्हणजे सिंह. गाण्याचे हक्क त्यांनी कंपनीला दिले आणि त्याबद्दल त्यांच्या हाती पडले दहा शिलिंग. हे गाणे अमेरिकेत गेले. तेथील गायकांनी झुलू शब्द चुकीचा ऐकून त्याचे 'विमोवे' केले. १९६१ मध्ये त्याला इंग्रजी शब्द चढविण्यात आले आणि ते अमेरिकेतील अग्रक्रमाचे गाणे झाले. पुढील वर्षी, १९६२ मध्ये, लिंडा दारिद्र्यात मरण पावले. त्यांच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. १९९४ मध्ये डिस्नेच्या 'द लायन किंग' या चित्रपटातून तीच चाल जगातील बालगोपाळांच्या ओठी गेली. आपल्या घरांतील मुलांनीही ती गुणगुणली, आपणही कौतुकाने ऐकली.

२००० मध्ये रियान मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने या साऱ्याचा छडा लावला. त्यानंतर लिंडा यांच्या मुलींच्या वतीने २००४ मध्ये दावा दाखल झाला. यातील विलक्षण भाग असा की, त्यांच्या मदतीला आला तो ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा कायदा. रचनाकाराच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क त्याच्या वारसांकडे परत जावेत, अशी तरतूद त्यात होती आणि ती सारेजण विसरून गेले होते. २००६ मध्ये तडजोड झाली, कुटुंबाला मोबदला मिळाला आणि मुख्य म्हणजे लिंडा यांचे नाव गाण्याशी अधिकृतपणे जोडले गेले. यासाठी सदुसष्ट वर्षे लागली.

येथे आपल्यापैकी एखादा जुना कार्यकर्ता मला अडवील आणि विचारील, "अहो, नावाचा एवढा सोस कशाला? आपल्या गीतांच्या पुस्तिकेत कवीचे नाव छापतात का?" आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शाखेवर म्हटल्या जाणाऱ्या कित्येक गीतांचे कर्ते आपल्याला ठाऊक नसतात. प्रसिद्धिपराङ्मुखता हा आपल्याकडे संस्कार मानला गेला आहे. परंतु त्या कवीने आपले नाव स्वतः बाजूला ठेवले, ते समष्टीला अर्पण केले. लिंडा यांनी काहीही अर्पण केले नव्हते. त्यांना आपण काय देत आहोत, याची कल्पनाच नव्हती आणि ज्यांना होती, ते गप्प राहिले. नाव देणे आणि नाव काढून घेणे, यांत त्याग व चोरी यांच्याइतके अंतर आहे.

आपल्या संतांचे उदाहरण याहून बोलके आहे. तुकोबांनी, चोखोबांनी, जनाबाईंनी कोणाकडे मानधन मागितले नाही, पण अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा घातली. शतकानुशतके निरक्षर वारकऱ्यानेही अभंग म्हणताना ती मुद्रा गाळली नाही. कोणताही स्वामित्वहक्काचा कायदा नसताना एका दासीचे आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या एका भक्ताचे नाव समाजाने केवळ मुखाने जपले. गाणे सर्वांचे झाले, तरी नाव कर्त्याकडेच राहिले.

३० जून २०२० रोजी माउलींच्या पादुका आळंदीहून एस. टी. बसने पंढरपूरकडे निघाल्या. त्याच्या आदल्याच दिवशी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. निर्णय राष्ट्रहिताचा होता आणि आपण त्याचे स्वागत केले. परंतु पुढील काही दिवसांतच रिकाम्या झालेल्या जागेवर इन्स्टाग्रामने आपली 'रील्स' आणून बसविली. चिनी गेले, अमेरिकी आले. स्वदेशीचा विचार करणाऱ्यांना या विषयावर अधिक गांभीर्याने बोलावे लागेल. असो.

आपल्याकडील कायदा मात्र या बाबतीत मागासलेला नाही. २०१२ मध्ये संसदेने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटातील गीताचे शब्द लिहिणारा व चाल बांधणारा यांना, ते गीत चित्रपटगृहाबाहेर अन्यत्र वापरले गेल्यास, स्वामित्वधनाचा समान वाटा मिळेल आणि तो वाटा करार करूनही कोणाला हिरावून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. लिंडा यांच्या दहा शिलिंगांच्या पार्श्वभूमीवर हे पाऊल मोठेच म्हटले पाहिजे. परंतु कायदा ज्याचे नाव नोंदलेले असते त्यालाच सापडतो. लोककलावंतांच्या ज्या रचनांवर 'पारंपरिक' असा शिक्का बसला, त्यांतील कित्येकांना कधीकाळी कर्ता होता, तमाशाच्या फडावर किंवा कोळीवाड्यात त्याने ती चाल बांधली होती. उद्या अशी एखादी चाल पंधरा सेकंदांच्या रीलमधून जगभर गेली, तर तिची मालकी सांगायला कंपनी तयार असेल. कर्त्याचे नातू कोठे शोधायचे?

याबाबतीत २०२४ मध्ये गाजलेले 'गुलाबी साडी' हे गाणे मला सुचिन्ह वाटते. त्याच्या शब्दांची थोरवी कोणी सांगू नये, काहींना ते उथळ वाटते आणि माझीही त्याबद्दल फार तक्रार नाही. पण जळगाव जिल्ह्यातील बंजारा समाजातल्या संजू राठोड या तरुणाने ते स्वतः लिहिले, स्वतः गायिले आणि त्यावर देशभरातील हजारो मुली-बाया मराठी शब्दांवर नाचल्या. मराठीच्या ऱ्हासाबद्दल परिसंवाद भरविणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातून हे घडले नव्हते. तांड्यावरच्या एका मुलाच्या हातून ते घडले.

मागे एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाण्याचा योग आला. सातवीच्या मुलींनी याच गाण्यावर नाच बसविला होता. कार्यक्रमपत्रिकेवर गाण्याचे नाव होते, वर्ग व तुकडी होती, नृत्य बसविणाऱ्या बाईंचे नाव होते. निवेदन करणाऱ्या मुलीने मात्र पत्रिकेत नसलेले एक वाक्य आपणहून वाचले, "शब्द आणि गायन, संजू राठोड." माझ्या मागच्या रांगेतील एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "अहो, हा आपल्या जळगावकडचा ना?" शेजारी म्हणाले, "तांड्यावरचा मुलगा आहे तो," आणि पडदा वर गेला.