डाव्या पायाचं काय?

'खेळात उत्साहाने भाग घेतो.' आमच्या जालना जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या नोंदवह्यांत हे वाक्य हमखास भेटतं. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यासोबत वर्णनात्मक नोंदी आल्या, आणि पाठोपाठ त्या नोंदींच्या तयार याद्याही आल्या. पोराला काय जमतं, हे मात्र त्या वाक्यातून कळत नाही.

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या पंगतीत बसवलं. कोणत्या टप्प्यावर मुलाला काय आलं पाहिजे ते आधी ठरवा, शिकवा, मग तपासा. खेलो इंडियाच्या चाचणीत पाच ते आठ वर्षांचं मूल एका पायावर उभं करतात आणि मिनिटभरात तोल किती वेळा गेला ते मोजतात. मला वाटतं, त्यासाठी आपली लंगडी जास्त कामाची. तिच्यात तोल आहे, वळण आहे, शिवाय पुढे पळणारा गडीही आहे. उजव्या पायावर सलग दहा उड्या, डाव्यावर तीनच, अशी नोंद असली की उद्याच्या तासाला काय घ्यायचं ते बाईंना कुणी सांगायला नको.

पण घेणार कोण? शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशक आहेत ते सहावी ते आठवीला, तेही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत गणित शिकवणाऱ्या गुरुजींच्याच गळ्यात शिट्टी. त्यात दिवाळीनंतर मंठा, घनसावंगीकडची कितीतरी पोरं ऊसतोडीला निघालेल्या आईबापांच्या कोयत्यामागं साखर कारखान्यावर जातात. परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना चाचणी घेतली, तर दुसऱ्या रकान्यात त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' एवढंच उरेल. हे मूल ज्या दिवशी परत येईल, तीच त्याची तारीख धरावी. तुलना करायची तर त्याच्याच जुलैतल्या उड्यांशी. शेजारच्या पोराशी नको.

आणि आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत यावर पडद्यावरचं सादरीकरण नको. सगळ्यांना मैदानात काढा, लंगडी घाला. गुडघ्यांच्या तक्रारी येतील. त्याही मांडून ठेवा, डाव्या-उजव्याच्या आकड्यांसकट. पुढच्या परिषदेत पुन्हा मोजू.