घाणेरीचा पाला आणि गरिबाची गाय

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, गाय चारा सोडते, उन्हांत उभी राहीनाशी होते, नाकपुड्या, कान व कास लाल होऊन सुजतात, पुढें कातडी तडकून तिचीं सालें निघतात आणि डोळ्यांचें पांढरें हळदीसारखें पिवळें दिसूं लागतें. अशा वेळीं आपण काय करतों? कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो देवीचा कोप झाला. मग देवऋषी येतो, कोंबडें जातें, नारळ फुटतो, तापल्या सळईचे डाग बसतात. आणि शेवटीं गायही जाते. कोंबडें खाणाराचें मात्र कांहींच जात नाहीं!

ह्या रोगाचें सर्वांत ओळखीचें कारण आपल्या बांधावरच उभें आहे. तें म्हणजे घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात. हें झुडूप मूळचें आपलें नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतलें हें झाड एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं साहेबांनीं बागेच्या शोभेसाठीं हिंदुस्थानांत आणिलें. पांखरांनीं फळें खाल्लीं आणि बीं डोंगरोडोंगरीं नेलें. शोभा साहेबाच्या बागेंत राहिली, विष आमच्या गायरानांत आलें.

आतां विषाची रीत समजून घ्या. जनावर हिरवा चारा रवंथ करतें तेव्हां त्या हिरवेपणापासून पोटांत एक द्रव्य तयार होतें. निरोगी यकृत, म्हणजे बकऱ्याची जिला आपण कलेजी म्हणतों तो अवयव, तें द्रव्य पित्तावाटे बाहेर टाकतो. घाणेरीच्या विषानें पित्ताची वाट बंद पडते. मग पित्त रक्तांत शिरून कावीळ होते, आणि तें द्रव्यही रक्तावाटे कातडींत येतें. त्यावर ऊन पडलें कीं कातडी जळते. म्हणूनच काळ्यापांढऱ्या संकरित गाईचे पांढरे पट्टे भाजतात आणि शेजारचा काळा पट्टा शाबूत राहतो. दृष्ट लावणाराचा डोळा काय रंग निवडून पाहतो?

दक्षिण आफ्रिकेंतील मेंढपाळ अशाच एका रोगास ‘पिवळें जाड डोकें’ म्हणत. तेथें तो सराट्याच्या पाल्यानें होतो. तेथील ऑन्डरस्टेपूर्ट संस्थेंतील विद्वानांनीं १९३० च्या दशकांत ह्या उन्हाच्या जळण्याचें कोडें सोडविलें. न्यूझीलंडांत हाच विकार गवतावरील बुरशीनें होतो. तेथें शेतकरी बुरशीचे कण मोजवून घेतात आणि जनावरांस आधींच जस्त देतात. तेथील मेंढीस जें ज्ञान मिळतें, तें आमच्या गाईस कां मिळूं नये?

पण गाय घाणेरी खाते कां? पोट भरलेली गाय सहसा तिला तोंड लावीत नाहीं. आणे पठारावर किंवा लोणी-धामणीकडे दुष्काळांत चारा संपला, अगर नवीं विकत आणलेलीं जनावरें अनोळखी रानांत सोडलीं, कीं हें घडतें. म्हणजे रोगाचें मूळ भुकेंत आहे. जंगलखात्यानें डोंगर व गायरानें अडविल्यानें शेतकऱ्याच्या जनावरांची कशी दैना झाली, हें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सांगून ठेविलें आहे. पुढें डिंभें धरण झालें. त्यांत जुनें आंबेगांव व आदिवासी गांवांची जमीन बुडाली, पाणी खालच्या बागाईताला गेलें. वर उरलेल्या माळावर घाणेरी माजली, तर दोष कोणाचा?

उपाय सोपे आहेत. लक्षण दिसतांच जनावर त्या रानांतून आणून अंधाऱ्या गोठ्यांत किंवा दाट सावलींत बांधा. चरणें लागलेंच तर रात्रीं चारा. पाणी व स्वच्छ चारा समोर ठेवा. ह्या विषानें पोट थबकतें, पाला आंतच राहतो आणि विष भिनत जातें. म्हणून वाट पाहूं नका. त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवा किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. विष शोषणारा औषधी कोळसा वेळेवर पोटांत गेला तर जनावर वांचूं शकतें. बळजबरीनें तेल पाजूं नका, डाग देऊं नका. भाजलेल्या कातडीला आणखी भाजणें हा कोणता धर्म? आणि सगळीच कावीळ घाणेरीची नसते. गोचिडांच्या तापानेंही ती होते. त्यांत अंग तापतें, कधीं लघवी तांबडी होते. त्याचें औषध निराळें आहे, तें वैद्यच ठरवील.

गांवानेंही आपलें काम करावें. महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं केला. गायरानांतली घाणेरी मुळासकट खणून तेथें गवत लावण्याचें काम ग्रामसभेनें ठराव करून मागावें. नुसती तोडली तर ती पुन्हां फुटते. मजुराला मजुरी मिळेल, गाईला चारा मिळेल. एका गाईवर ज्या घराचा मीठमिरचीचा खर्च चालतो, त्या घराला गाय मेल्यावर देवऋषी दूध आणून देत नाहीं. बंधूंनो, पुढच्या ग्रामसभेस अंगारा घेऊन जाऊं नका. घाणेरीची एक फांदी घेऊन जा.